स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया: नंतर नक्की केवढं राहतं? (अनुभव आणि प्रश्न)

अबोली

नमस्कार. माझं वय ४३. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. आठ महिन्यांपूर्वी माझी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी वर्षभर घरातले सगळे झोपले की मी मोबाइल घेऊन बसायचे आणि एकच गोष्ट शोधायचे: हे झाल्यावर मी केवढी दिसेन? शस्त्रक्रिया कशी करतात, किती तास लागतात, हे मराठीत मिळालं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतेय. कुणी या विचारात असेल तर निःसंकोच विचारा.

त्रास सांगत बसत नाही, ज्यांना आहे त्यांना तो पाठ असतो. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांच्या अशा खाचा की करंगळी मावावी. मार्च लागला की स्तनांखाली घामोळं, मग ओले चट्टे, तिथे सुती रुमालाची घडी ठेवून नोकरीला जायचं. मान, पाठ, दुपारनंतर बोटांना मुंग्या.

मी डॉक्टरांकडे गेले ती मनाशी ठरवूनच: ‘मला ३४ बी हवंय.’ कॉलेजात असताना माझा तो साइज होता. त्यांनी विचारलं, आत्ता कोणता आहे? म्हटलं, ४२ डी. त्यांनी सिस्टरना टेप घेऊन बोलावलं. स्तनांच्या खाली बरगड्यांभोवती माप आलं ३६ इंच आणि सगळ्यात भरलेल्या जागी ४५. फरक नऊ इंचांचा. दर इंचाला कपची एक पायरी धरायची: एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, मग डीडी, ई, एफ, एफएफ. नवव्या इंचाला ब्रिटिश मापात जी येतो. म्हणजे मी ३६ जी होते. आमच्या इथल्या दुकानांत डीडीच्या पुढचं काही ठेवतच नाहीत, म्हणून बँड, म्हणजे बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याचं माप, वाढवत वाढवत ४२ डीवर येऊन थांबले होते. मागचा पट्टा पाठीवर वर सरकायचा आणि सगळा भार खांद्यांवर यायचा.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ‘बी’ हे अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्ही ब्रांच्या वाट्यांत जवळजवळ सारखंच मावतं. शिवाय कंपनी बदलली की माप बदलतं. डॉक्टर म्हणाले, ‘अक्षराचं वचन मी कुणालाच देत नाही. तुम्हाला काय काय करता यायला हवंय ते सांगा, आणि केवढं झालं तर नको वाटेल तेही सांगा.’ घरी जाऊन मी वहीत लिहून काढलं. कुशीवर झोपायचंय. बसमध्ये वरचा दांडा धरताना पदर सावरावा लागू नये. मुलीबरोबर बॅडमिंटन खेळायचंय. चाळीस मापाचा ब्लाउज बसावा. अगदी सपाट मात्र नको.

शस्त्रक्रियेच्या कागदावर उजवीकडून ७२० आणि डावीकडून ७९० ग्रॅम काढल्याचं लिहिलंय. दोन आठवड्यांनी स्वयंपाकघरात उभी राहून मी पोह्यांचा अर्धा किलोचा आणि पाव किलोचा पुडा एकत्र ओंजळीत धरला. एका बाजूचं एवढं. डोळ्यांत पाणीच आलं.

आता छाती ४० आणि बँड ३६ आहे, म्हणजे ३६ डी. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आधीही डी, आत्ताही डी, मग काढलं काय?’ हाच तर घोळ आहे. अक्षर तेच राहिलं आणि अंगावरचं दीड किलो ओझं गेलं.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर मी खूप रडले होते. सूज होती, स्तन वर गळ्याकडे चढल्यासारखे आणि चौकोनी दिसत होते, आणि मला वाटलं तेवढे लहानही झाले नव्हते. फसवणूक झाली असंच वाटलं. डॉक्टरांनी तीन महिने टेप हातात घ्यायची नाही असं बजावलं होतं, मी रोज घेत होते. हळूहळू सूज उतरली, भार खालच्या बाजूला बसला आणि आकार गोल झाला. पाचव्या महिन्यात मी पहिली नीट मापाची ब्रा विकत घेतली.

रानजाई

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून धीर आला. मी २९, पुण्यात असते, लग्न झालेलं नाही. पाच आठवड्यांनी माझी तारीख आहे. मला जमेल तेवढं लहान हवंय. ए झालं तरी चालेल, सपाट झालं तरी चालेल. बारा वर्षांची असल्यापासून लोक माझ्या चेहऱ्याकडे बघून बोललेले मला आठवत नाहीत. पण डॉक्टर म्हणतात, ‘एवढं लहान करता येणार नाही.’ का नाही? कापायचंच आहे तर थोडं जास्त कापायला काय अडचण आहे? की मी लग्नाची आहे म्हणून तसं म्हणतात?

मेडिको_सांगली

रानजाई, मी डॉक्टर आहे, सध्या प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. (सर्जनचं पुढचं शिक्षण) करतेय. तुझी केस मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुझ्याबद्दल निर्णय देत नाही, पण ‘का नाही’ याचं उत्तर देता येईल.

नेहमीच्या पद्धतीत स्तनाग्र कापून वेगळं करून वर चिकटवलं जात नाही. ते आतल्या उतींच्या एका जाड देठावर तसंच जिवंत ठेवतात आणि देठासकट वर सरकवतात. त्याचा रक्तपुरवठा आणि संवेदना त्या देठातूनच येतात. आजूबाजूचा भाग काढायचा, देठ ठेवायचा. देठ फार बारीक केला तर फुलाचं जे होतं तेच स्तनाग्राचं होतं. मूळचा स्तन जितका लांब, तितका देठ लांब, आणि तितका तो जाडही ठेवावा लागतो. गळ्याखालच्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंत आम्ही टेपने अंतर मोजतो ते याचसाठी. ते अंतर खूप जास्त असेल किंवा रुग्णाला अगदीच लहान हवं असेल, तर स्तनाग्र पूर्ण वेगळं काढून कातडीच्या कलमासारखं बसवता येतं. पण मग तिथली नेहमीची संवेदना आणि अंगावर पाजण्याची शक्यता दोन्ही जातात. २९ व्या वर्षी हा निर्णय कुणी घाईत घेऊ नये, आणि तुझ्या वतीने दुसऱ्या कुणीही घेऊ नये.

दुसरी गोष्ट पायाची. स्तन छातीवर जेवढ्या रुंदीत बसलेला असतो ती रुंदी फारशी बदलत नाही. रुंद पायावर थोडंच मांस ठेवलं तर ते पसरट दिसतं, ब्राच्या वाटीत बसत नाही आणि काखेकडे भाग उरल्यासारखा वाटतो. म्हणून बरगड्यांचा पिंजरा, खांदे, पोट हे सगळं बघून सर्जन ठरवतो.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तुला उभं करून मार्करने खुणा करतील. त्या वेळी बोलायची संधी असते, ती सोडू नकोस. उलट्या टी-सारखा व्रण येणार की फक्त उभा, हे विचार. स्तन फार मोठे असले तर बहुधा उलटा टी करावा लागतो. खालची आडवी आणि उभी शिवण जिथे मिळते ती जागा भरायला सगळ्यात जास्त वेळ घेते, तिथे छोटी जखम उघडली तर घाबरू नये, पण डॉक्टरांना लगेच दाखवावी.

आणि तंबाखू. सिगारेटबद्दल सगळे विचारतात, मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही आणि बायका आपणहून सांगत नाहीत. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि देठाला रक्त कमी मिळतं. आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे मिश्रीसुद्धा बंद हवी. आमच्याकडे एका मावशींनी ती लपवली होती, त्यांची जखम भरायला अडीच महिने लागले.

रानजाई

देठाचं कुणी असं सांगितलंच नव्हतं. थँक्यू. मला फक्त ‘नाही’ एवढंच ऐकू आलं होतं.

केवडा

मला इथे दुसरी बाजू लिहायची आहे. वरचं सगळं वाचून कुणाला वाटेल की डॉक्टर ठरवतील तेच बरोबर. माझं तसं झालं नाही.

चार वर्षांपूर्वी, एका मोठ्या शहरात, नावाजलेल्या ठिकाणी माझी शस्त्रक्रिया झाली. तपासणीच्या वेळी सासूबाई आणि नवरा दोघंही आत होते. डॉक्टरांनी विचारलं, किती कमी करू? मी लाजून म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं. सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘फार नको हं, बाईसारखी बाई दिसायला हवी.’ डॉक्टर हसले आणि फाइलवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

काढलं २८० आणि ३०० ग्रॅम. माझ्या अंगाच्या मानाने ते काहीच नव्हतं. स्तन वर उचलले गेले, सुबक दिसतात, डॉक्टरांना निकाल चांगलाच वाटला असेल. पण माझी मान आजही दुखते. पट्ट्यांच्या खाचा तशाच आहेत. व्रण मिळाले, सहा आठवडे घरी बसले, पैसे गेले, आणि ज्यासाठी गेले होते ते राहूनच गेलं. याबद्दल बोलायला गेलं की लोक म्हणतात, आता छान तर दिसतेस!

तेव्हा मुलींनो, तपासणीला एकटं जा किंवा तुमची बाजू घेणारं माणूस न्या. ‘योग्य वाटेल तसं’ हे शब्द तोंडातून काढू नका.

मेडिको_सांगली

केवडाताई, वाईट वाटलं वाचून. दुसऱ्यांदा करायचा विचार असेल तर पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद त्या ठिकाणाहून मागून घ्या. देठ कोणत्या बाजूचा ठेवला होता हे नवीन सर्जनला कळणं फार महत्त्वाचं असतं, शक्यतो तोच देठ राखून पुढचं काम केलेलं सुरक्षित. ही नोंद मिळणं तुमचा हक्क आहे. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनीही घरी येताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ती प्रत मागून ठेवा.

परदेशस्थ

अमेरिकेतून लिहितेय. इथे अडचण वेगळी आहे. विमा कंपनी पैसे देणार असेल तर किती काढायचं याचा किमान आकडा तीच ठरवते. बऱ्याच कंपन्या श्नूर तक्ता वापरतात, १९९१ सालचा आहे. उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढायचं आणि तक्त्यात बघायचं. माझं १.७ चौरस मीटर आलं, त्यापुढे लिहिलं होतं ३७० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक बाजूने निदान एवढं. माझ्या सर्जनचा अंदाज ३५० चा होता. तेवढ्या २० ग्रॅमसाठी माझा अर्ज एकदा परत आला. शेवटी मी ‘थोडं जास्त काढलं तर मला चालेल’ असं सांगितलं आणि ते खरंच चाललं, पण प्रत्येकीला चालेलच असं नाही. त्यामुळे भारतातल्या मैत्रिणींनी इथले ग्रॅमचे आकडे वाचून स्वतःला लावू नयेत. ते विम्याचे आकडे आहेत.

अबोली

विम्याचा विषय निघालाच आहे तर भारतातलं सांगते. आपल्याकडच्या पॉलिसीत दिसणं बदलण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना किंवा डॉक्टरांनी वैद्यकीय गरज म्हणून प्रमाणित केलेले उपचार, एवढेच अपवाद. त्या गरजेची व्याख्याही कडक आहे, तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असावा लागतो. माझा दावा नाकारला गेला. तरी त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, मणक्याचा एक्स-रे हे सगळं जोडून मी अर्ज केला होता, आणि त्या फाइलचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला. घरच्यांना ही हौस नाही हे पटलं.

सुईदोरा

मी २२ वर्षं ब्लाउज शिवते. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, पण मापातलं कळतं, म्हणून लिहिते.

बायका नुसता छातीचा आकडा सांगतात, ‘चाळीस’. पण एक चाळीस पाठीने रुंद असतो आणि एक चाळीस पुढून भरलेला. दोघींचे ब्लाउज वेगळे कापावे लागतात. पुढून भरलेलीला कटोरी खोल लागते, टक्स मोठे लागतात आणि खांद्यापासून टोकापर्यंतचं माप लांब लागतं. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी ही शस्त्रक्रिया केली. एकीची छाती चारच इंच कमी झाली, तिला वाटलं फार काही झालं नाही. मी माप घेतलं तर खांद्यापासून टोकापर्यंत पावणेचार इंच कमी झाले होते. टक्स निम्मे झाले. गळा पुढून ओघळायचा तो थांबला. आकडा लहान, फरक मोठा.

आणखी एक. शस्त्रक्रिया झाली की लगेच सगळे ब्लाउज उसवायला आणू नका. दुसऱ्या महिन्यात केलेला ब्लाउज सहाव्या महिन्यात परत ढगळ होतो, मी दोनदा बघितलंय. लग्नकार्य असेल तर एकच करून घ्या, आणि त्यालाही आत दोन इंच माया (जास्तीचं कापड) ठेवायला सांगा.

अबोली

सुईदोराताई, खांद्यापासून टोकापर्यंतचं माप! माझ्या डॉक्टरांनीही नेमकं तेच अंतर मोजलं होतं, फक्त गळ्याच्या खोबणीपासून. ३२ सेंटिमीटर होतं, आता २२ आहे. मी ते आजवर कुणाला सांगितलंच नाही, कारण सगळे कपच विचारतात.

धास्तावलेली_आई

माझी मुलगी १७ वर्षांची आहे. खेळ सोडला, पोहणं सोडलं, कायम ढगळ टी-शर्ट आणि वाकलेली पाठ. तिलाच हे करून घ्यायचंय. माझी भीती अशी की आत्ता लहान केले आणि पुढे परत वाढले तर? आणि बाळाला पाजता आलं नाही तर ती मला दोष देईल का?

मेडिको_सांगली

ताई, वाढू शकतात. वजन वाढलं, गरोदरपण आलं, तर राहिलेल्या भागात बदल होतोच. म्हणूनच स्तनांची वाढ थांबली आहे ना, हे आधी बघतात. साधारण वर्षभर माप तेच राहिलं असेल तर डॉक्टर पुढचा विचार करतात, वजनही स्थिर हवं. पाजण्याबद्दल: देठावरची पद्धत असेल तर अनेक जणींना पाजता येतं, काहींना दूध कमी येतं, वरचं द्यावं लागतं. याची हमी कुणीही देऊ नये. शस्त्रक्रिया न केलेल्यांनाही ती नसते.

तुमच्या मुलीला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीने बोलू द्या. आईसमोर मुली आकाराबद्दल खरं बोलत नाहीत.

केवडा

आणि तिचं पोहणं आत्ता सुरू करता आलं तर बघा. घट्ट आणि पूर्ण अंगाचा पोशाख मिळतो. वाट बघण्यात तिची दोन वर्षं जाऊ देऊ नका.

अबोली

फोटोंबद्दल दोघींनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, इथेच लिहिते. डॉक्टरांना दाखवायला फोटो न्यावेत, पण स्वतःच्या अंगकाठीच्या बायकांचे न्यावेत. मी आधी ज्यांचे जमवले होते त्या सगळ्या माझ्यापेक्षा वीस किलोने हलक्या आणि पंधरा वर्षांनी लहान होत्या. मग तीन फोटो निवडले. एक, ‘एवढं चालेल’. दुसरा, ‘याहून मोठं राहिलं तर मला वाईट वाटेल’. तिसरा, ‘याहून लहान नको’. तिसरा बघून डॉक्टर म्हणाले, इथपर्यंत आपण पोहोचणारच नाही, काळजी सोडा. दुसऱ्या फोटोवर मात्र आम्ही वीस मिनिटं बोललो. त्या वीस मिनिटांचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील अशीही आशा ठेवू नका. माझी डावी अजून किंचित मोठी आहे, आधीही होती. कपड्यांत कळत नाही. व्रण अजून तांबूस-तपकिरी आहेत, सिलिकॉनची पट्टी लावते. ज्यांना कान टोचल्यावर किंवा सिझेरियननंतर व्रणाची जाड गाठ आली होती त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. चाळिशी उलटली असेल तर आधी मॅमोग्राफी करतात, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवतात. त्याचा अहवाल हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.

रानजाई

या आठवड्यात परत जाऊन आले. एकटी गेले. तीन फोटो आणि वही घेऊन. सुरुवातीलाच म्हटलं, ‘सर, लग्नाचा विचार करून माप ठरवू नका.’ ते थोडे थांबले आणि म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत.’ मग देठ, पाया, सगळं विचारलं. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली. माझ्या छातीचा पाया रुंद आहे, त्यामुळे ए होणार नाही. टेपवर सी-डीच्या आसपास येईल असं मी त्यांच्याकडून काढून घेतलं, तेही अक्षराची हमी नाही असं दोनदा सांगून. ग्रॅम साधारण ५५० ते ६०० एका बाजूचे. स्तनाग्र वेगळं काढून बसवायचा पर्यायही त्यांनी पहिल्यांदाच नीट समजावला. मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणून कळवलं. संवेदना मला हवी आहे.

फाइलवर काय लिहिताय ते वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी लिहिलंय: ‘रक्तपुरवठा सुरक्षित ठेवून शक्य तितकं लहान. शस्त्रक्रियेदरम्यान शंका आल्यास लहानाकडे झुकावं, रुग्णाची स्पष्ट इच्छा.’ खाली माझी सही घेतली. केवडाताई, तुमच्यामुळे हे सुचलं.

सी-डी ऐकून आधी पोटात खड्डा पडला होता. मग घरी येऊन टेपने मोजलं. मी आत्ता ३२ एफएफ आहे. आजवर ३८ डी घालत होते.

बॅगेत काय काय भरू?

केवडा

रानजाई, तो कागद बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. मी मागच्या आठवड्यात माझ्या नोंदीसाठी अर्ज दिलाय.

अबोली

समोरून पूर्ण उघडणारे, बटणांचे गाऊन तीन. डोक्यावरून घालायचं काहीही नको. डॉक्टर सांगतील तीच तार नसलेली ब्रा, आणि ती दोन घे, कारण रात्रंदिवस घालायची असते आणि एक धुवायला जाते. दोन उश्या, पाठीला टेकवून अर्धवट बसून झोपायला. रिक्षात छातीशी किंवा गाडीत पट्ट्याखाली धरायला एक छोटी मऊ उशी, पुण्याच्या खड्ड्यांत लागेलच. घरून निघायच्या आधी चहा-साखरेचे डबे, पातेली, रोजचे कपडे सगळं कमरेच्या उंचीवर काढून ठेव, हात वर न्यायचा नाही. केस आदल्या दिवशी धुऊन घे.

आणि टेप आईकडे देऊन ठेव. तीन महिन्यांनी माग.